‘का’ : एक अक्षर, अनेक भाषा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मराठी शिकायला आलेले परप्रांतीय, जपानी नाहीतर जर्मनच्या वर्गाला जाणारे विद्यार्थी, भाषांतराची कामं करणारे आणि घरात नातवंडांशी ‘शुद्ध-अशुद्ध’वरून वाद घालणारे आजोबा, या सगळ्यांचे प्रश्न फिरून एकाच अक्षराशी येतात. म्हणून मुक्काम ‘का’वरच ठेवला आहे. शेजारचे दोन-चार छोटे शब्द ओघात येतील.

मराठीत ‘का’चे अर्थ किती?

रोजच्या वापरातले पाच-सहा तरी आहेतच.

कारण विचारणारा: ‘का गेलास?’
हो-नाही विचारणारा: ‘गेलास का?’
‘किंवा’ या अर्थाचा: ‘आज का उद्या?’
अट घालणारा, ‘एकदा’च्या जोडीने: ‘एकदा का खडकवासल्यातून जास्त पाणी सुटलं, की भिडे पूल पाण्याखाली.’
‘निदान’ किंवा ‘तरी’ सुचवणारा: ‘उशिरा का होईना, बस आली.’ ‘कोणी का असेना, दार उघड.’
आणि नुसती हाक किंवा चौकशी: ‘का हो, बरेच दिवसांनी?’

शेवटच्या प्रकाराला उत्तराची अपेक्षा नसते. मराठी नव्याने शिकणारे मात्र तिथेच ‘कारण…’ म्हणून मनापासून सुरू होतात.

कारण विचारणारा ‘का’ आणि हो-नाहीचा ‘का’ यांतला फरक ओळखायचा कसा?

तीन खुणा आहेत.

पहिली जागेची. क्रियापदाच्या आधी आलेला ‘का’ कारण विचारतो, मागून आलेला हो-नाही विचारतो. ‘तू काल का आला नाहीस?’ आणि ‘तू काल आला नाहीस का?’ यांत शब्द तेच आहेत, फक्त ‘का’ दोन घरं सरकला आहे.

दुसरी आघाताची. कारणाचा ‘का’ ठसक्यात उच्चारला जातो. हो-नाहीचा ‘का’ क्रियापदाला चिकटतो आणि आखूड होतो, ‘येतोस्का’ असा एकच शब्द ऐकू येतो. परदेशी विद्यार्थ्याला तो सुट्टा ऐकूच येत नाही. वाक्य प्रश्नार्थक आहे हे त्याला समोरच्याच्या भुवयांवरून कळतं.

तिसरी उत्तराची. उत्तर ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ने सुरू होणार असेल तर पहिला, ‘हो’ किंवा ‘नाही’ने सुरू होणार असेल तर दुसरा.

सराव करायचा तर ही जोडी घ्या: ‘तो येतो का ते बघ’ आणि ‘तो का येतो ते बघ’. पहिल्यात माणूस दाराशी जाऊन पाहील. दुसऱ्यात त्या बिचाऱ्याच्या येण्यामागचा हेतू तपासला जाईल.

‘उशीर का झाला’, ‘का उशीर झाला’, ‘उशीर झाला का’ – एकच ना?

नाही. ‘उशीर का झाला?’ ही साधी विचारणा आहे. ‘का उशीर झाला?’ यात ‘का’ पुढे आल्यामुळे जाब विचारल्याचा सूर येतो, कचेरीत साहेबाच्या तोंडी हेच वाक्य ऐकू येतं. ‘उशीर झाला का?’ हे बहुतेकदा उशिरा आलेला माणूस स्वतःच दारातून डोकावत विचारतो.

‘असं का?’ म्हणजे ‘असं कशामुळे?’ की ‘अच्छा!’?

दोन्ही, आणि लिहिलेल्या अक्षरांवरून कळणं अशक्य. ‘का’वर जोर दिला की कारण विचारलं जातं. जोर ‘असं’वर देऊन ‘का’ खाली सोडला की ‘हो का, कळलं’ एवढाच अर्थ उरतो. ‘असं’ लांबवून ओढलं तर तिसरा अर्थ तयार होतो: ‘बरं, बघून घेतो.’ छापील संवादात किंवा सबटायटलमध्ये यांपैकी कोणता ‘असं का’ आहे हे दाखवायचं असेल, तर कारणासाठी ‘असं का बरं?’ आणि ‘कळलं’साठी ‘हो का’ लिहावं. प्रश्नचिन्हावर भिस्त ठेवू नये, ते तिन्हींना लागतं.

व्हॉट्सॲपवर ‘जेवला नाहीस का’ लिहिलं आणि समोरचा कारणं सांगत बसला. चूक कोणाची?

स्वल्पविरामाची. ‘जेवला नाहीस का?’ म्हणजे हो-नाही. ‘जेवला नाहीस, का?’ म्हणजे जेवला नाहीस हे धरून चाललो आहोत, आता कारण सांग. बोलताना मधला थांबा ऐकू येतो, अंगठ्याने लिहिताना तो गळतो. चिन्ह टाकायचा कंटाळा असेल तर कारणासाठी ‘का नाही जेवलास’ असा क्रम ठेवा, गोंधळाला जागाच राहत नाही.

‘चहा का कॉफी?’ हे अशुद्ध आहे ना? ‘की’ हवं ना?

आजच्या लेखी प्रमाण मराठीत ‘की’ किंवा ‘किंवा’ वापरतात, परीक्षेच्या पेपरात तेच लिहावं. पण ‘का’ला अशुद्ध म्हणून हाकलण्याआधी आळंदीकडे पाहावं. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इसवी सन १२९०) एका उपमेला दुसरी उपमा जोडताना ‘कां’ हा शब्द ‘किंवा’, ‘अथवा’ या अर्थाने ठिकठिकाणी येतो. तेव्हा ‘किंवा’ या अर्थाचा ‘का’ हा हल्लीच्या पोरांनी केलेला बिघाड नाही. आमचं मत विचाराल तर बोलताना तो बिनधास्त वापरावा. फक्त एक अडचण सांभाळावी: ‘चहा घेणार का कॉफी?’ यातला ‘का’ हो-नाहीचा की ‘किंवा’चा हे चहा हवा असलेल्या माणसाला कळत नाही. तो पहिल्या ‘का’शीच ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

जुन्या पुस्तकांत ‘कां’ असा अनुस्वार दिसतो. तो वेगळा शब्द आहे का?

वेगळा नाही, जुन्या लेखनाची पद्धत आहे. ‘नाहीं’, ‘घरें’, ‘कां’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार पूर्वी व्युत्पत्तीला धरून देत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. म्हणून त्याआधीच्या पुस्तकात ‘कां’ आणि आजच्या पुस्तकात ‘का’ दिसतो. जुन्या शब्दकोशात शोधताना ही गोष्ट ध्यानात ठेवा: ‘का’ सापडला नाही तर ‘कां’ पाहा. अनुस्वारामुळे नोंदीची जागाच बदलते.

हिंदीतला ‘का’ आणि आपला ‘का’ यांचा संबंध काय?

अर्थाच्या दृष्टीने काहीच नाही. हिंदीतला ‘का’ मालकी किंवा संबंध दाखवतो आणि पुढच्या नामाप्रमाणे बदलतो: ‘राम का घर’, ‘राम की किताब’, ‘राम के जूते’. ते काम मराठीत ‘चा-ची-चे’ करतात. आपला ‘का’ कशापुढेच वाकत नाही, तो अव्यय आहे.

हिंदी लिहिताना मराठी माणसाची एक ठरलेली चूक होते. आपले प्रत्यय शब्दाला जोडून येतात, ‘रामाचा’, म्हणून तो हिंदीतही ‘रामका घर’ लिहितो. हिंदीचा नियम असा: नामापुढे ‘का’ सुटा, ‘राम का’, सर्वनामाला जोडून, ‘उसका’, ‘किसका’.

उलट दिशेची गंमत बसथांब्यावर दिसते. मराठी माणूस क्रियापद गाळून ‘स्वारगेट का?’ विचारतो, कंडक्टर मान हलवतो, काम संपलं. शेजारी उभा असलेला नुकताच लखनौहून आलेला मुलगा मात्र पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. त्याच्या कानाला ‘स्वारगेट का…’ म्हणजे ‘स्वारगेटचा…’. स्वारगेटचा काय?

हिंदीत कारण विचारायला ‘क्यों’ आणि हो-नाहीसाठी ‘क्या’. प्रमाण हिंदीत हा ‘क्या’ सहसा वाक्याच्या सुरुवातीला येतो, पुण्या-मुंबईच्या हिंदीत तो बहुधा शेवटी जातो: ‘चलता है क्या?’ आपल्या ‘का’ची जागा ‘क्या’ला दिली, एवढंच.

नागपूरकडचे ‘का करून राहिला?’ म्हणतात. तिथे ‘का’ म्हणजे ‘का’च ना?

तिथे ‘का’ म्हणजे ‘काय’. भोजपुरी आणि अवधीतही ‘का’ म्हणजे ‘काय’च. कोल्हापूरकडे उलटा प्रकार आहे, ‘येतोस का?’च्या जागी ‘येतोस काय?’ सर्रास ऐकू येतं. सदाशिव पेठेत हे ऐकून भाषा सुधारायला धावू नये. ज्याच्या त्याच्या गावात ते बरोबरच आहे.

संस्कृतात ‘का’?

‘कोण’, पण फक्त स्त्रीलिंगी: ‘कः’ पुरुष, ‘का’ स्त्री, ‘किम्’ नपुंसक. ‘का त्वम्?’ म्हणजे बाईला विचारलेलं ‘तू कोण?’. शाळेत संस्कृत शिकणारी मुलं याचं भाषांतर ‘तू का?’ करतात.

जपानीतही ‘का’ प्रश्नाला लागतो म्हणे. हे खरं?

अगदी खरं, आणि साम्य इतकं आहे की पुण्यातल्या जपानीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे चेहरे खुलतात. बाजूबाजूला ठेवून पाहा.

वाक्याच्या शेवटी लावला की हो-नाही प्रश्न होतो, आपल्यासारखाच.
‘कोही का ओचा’ म्हणजे कॉफी किंवा चहा. म्हणजे ‘किंवा’चा ‘का’सुद्धा आहे.
‘कुरु का दोऽ का वाकारानाई’ म्हणजे ‘येतो का नाही ते माहीत नाही’.
‘सोऽ देस का’ सूर खाली सोडून म्हटलं तर ‘असं का, कळलं’; सूर चढवला तर ‘असं आहे का?’.

चौथी ओळ ऐकून मराठी माणूस चकित होतो, आणि ते साहजिकच आहे. एवढा जुळणारा शेजार आपल्याला खुद्द हिंदीतही मिळत नाही.

मग जपानी शिकताना मराठी माणसाचा फायदाच फायदा?

सुरुवातीला हो, नंतर पाय घसरतो. चुका ठरावीक आहेत.

पहिली चूक. मराठीत ‘कुठे’, ‘काय’, ‘कधी’ असा प्रश्नार्थक शब्द आला की ‘का’ लागत नाही. ‘स्टेशन कुठे आहे का?’ असं कोणी म्हणत नाही. जपानीच्या सभ्य बोलण्यात मात्र दोन्ही लागतात: ‘एकी वा दोको देस का’. आपला विद्यार्थी ‘का’ गाळतो. पुण्यात मराठी शिकणारा जपानी माणूस बरोबर उलटं करतो आणि ‘तुमचं नाव काय का?’ विचारतो. दोघंही आपापल्या भाषेचा नियम पाळत असतात.

दुसरी, पोटवाक्यातली. ‘तो कधी येणार माहीत नाही’ यात आपल्याला ‘का’ची गरज नाही. जपानीत ‘इत्सु कुरु का वाकारानाई’, तिथला ‘का’ गाळला की वाक्य मोडतं. एन-फाईव्हला, म्हणजे जपानी परीक्षेच्या सर्वात सोप्या पातळीला, तरून जाणारे पुढच्या पातळ्यांवर इथे अडखळतात.

तिसरी, कारणाची. जपानी ‘का’ कधीही कारण विचारत नाही. त्याला ‘नाझे’ किंवा ‘दोऽशिते’ हवं. नुसतं ‘का?’ म्हणून कारण मिळणार नाही.

चौथी, सलगीची. मित्रात बोलताना साध्या क्रियापदाला ‘का’ जोडला, ‘इकु का?’, तर ते रोखठोक, जरा दांडगट वाटतं. मित्राला नुसतं सूर चढवून ‘इकु?’ म्हणतात. मराठीत ‘येतोस का?’ मवाळ आणि नुसतं ‘येतोस?’ तुटक वाटतं, तिथे पारडं उलटं.

लिहिताना आणखी एक: सभ्य जपानी वाक्यात शेवटी ‘का’ असला की प्रश्नचिन्ह लागत नाही, पूर्णविराम येतो. सवयीने प्रश्नचिन्ह टाकलं तर गहजब होत नाही, पण औपचारिक पत्रात ते खटकतं.

जाता जाता: जपानीत ‘का’ म्हणजे डाससुद्धा. लेखी चित्राक्षर वेगळं असल्यामुळे वाचताना गोंधळ होत नाही.

इतकं साम्य म्हणजे मराठी आणि जपानी एका घरातल्या?

नाही. हा प्रश्न फार उत्साहाने विचारला जातो, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

आपला ‘का’ एकटा नाही. कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती अशी ‘क’ची अख्खी फौज त्याच्यामागे आहे. ती संस्कृतात दिसते (कः, किम्, कदा), लॅटिनमध्ये दिसते (क्विस, क्विद, क्वान्दो). इंग्रजीत ‘हू’, ‘व्हॉट’, ‘व्हेन’ अशी रूपं आहेत, कारण याच घराण्याच्या जर्मानिक शाखेत (इंग्रजी, जर्मन वगैरे) मूळचा ‘क’ घासून ‘ह’ झाला. असे बदल कसे नियमाने होतात याची मांडणी जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम याने १८२२ साली केली. आता जपानीची फौज पाहा: दोको (कुठे), दारे (कोण), इत्सु (कधी), नानी (काय). ‘क’ने सुरू होणारं त्यात कोणी नाही. जपानी ‘का’ हा शेवटी लागणारा वेगळाच शिपाई आहे.

नातं सिद्ध करायला एक शब्द जुळून चालत नाही, ध्वनींची अदलाबदल ओळीने, नियमाने दिसावी लागते. आणि एखादा शब्द योगायोगाने जुळणं अजिबात दुर्मीळ नाही. ‘क’ आणि ‘आ’ हे ध्वनी जगातल्या बहुतेक भाषांत आहेत. जपानीची हिरागाना लिपी मूळ ४६ चिन्हांत आटोपते, म्हणजे सुटी अक्षरं मोजकीच. त्यातून व्याकरणाचे शब्द दिवसभर तोंडात घोळून झिजतात आणि एका अक्षरावर येतात. सात हजारांच्या आसपास भाषा आणि मूठभर अक्षरं, मग धडक होणारच.

आणखी कोणत्या भाषांत ‘का’ आहे?

हवाई बेटांच्या भाषेत ‘का’ नामाआधी येतो, इंग्रजीतल्या ‘द’सारखा. फिलिपिनोत ‘का’ म्हणजे ‘तू’. एस्टोनियनमध्ये ‘का’ म्हणजे ‘सुद्धा’. प्राचीन इजिप्तमध्ये ‘का’ म्हणजे माणसातलं प्राणतत्त्व. थाईमध्ये बायका वाक्याशेवटी आदरार्थी जो शब्द लावतात तो आपल्या कानाला ‘खा’ लागतो. विधानात त्याचा सूर खाली उतरतो, प्रश्नात वर राहतो. बँकॉकच्या हॉटेलात प्रत्येक वाक्याला ‘खा’ ऐकून तो आग्रह समजू नये.

‘का’सारखा दगा देणारा दुसरा शब्द कोणता?

‘ने’. गुजरातीशी व्यवहार असेल तर हा फार जपून घ्यावा. मराठीत ‘रामाने पुस्तक दिलं’, म्हणजे देणारा राम. गुजरातीत ‘रामने पुस्तक आप्युं’ म्हणजे रामाला पुस्तक दिलं, घेणारा राम. देणाराला ‘रामे’ म्हणतात. देवघेवीच्या चिठ्ठीत हा उलटफेर झाला तर पैसे कोणाकडून कोणाला, हेच फिरतं. शिवाय मराठीत ‘ने’ ही आज्ञाही आहे: ‘हा डबा ने.’ कोरियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’, ग्रीकमध्येही ‘हो’च. मान हलवत ‘ने’ म्हणणारा ग्रीक आपल्याला नकार देतोय असं वाटत राहतं.

जर्मन शिकणाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘या’ म्हणजे ‘हो’, कोणी आत बोलावत नाहीये. आणि ‘वेअर’ म्हणजे ‘कोण’, ‘वो’ म्हणजे ‘कुठे’. इंग्रजीच्या कानाने ऐकलं तर पहिला चुकतो, हिंदीच्या कानाने ऐकलं तर दुसरा.

भाषांतर करणारं यंत्र ‘का’वर का चुकतं?

बहुतेकदा वाक्य अपुरं दिल्यामुळे. नुसतं ‘का’ टाकलं तर ते मराठी की हिंदी हेच यंत्राला ठरवता येत नाही, लिपी एकच. उपाय असे: मूळ भाषा ‘मराठी’ अशी स्वतः निवडा, आपोआप ओळखण्यावर सोडू नका. गाळलेलं क्रियापद परत घाला, ‘स्वारगेट का?’ऐवजी ‘ही बस स्वारगेटला जाते का?’. विरामचिन्हं पूर्ण द्या. ‘किंवा’च्या अर्थाचा ‘का’ असेल तर तो बदलून ‘किंवा’च लिहा. मग आलेलं भाषांतर उलट मराठीत फिरवून पाहा; कारणाचा प्रश्न हो-नाहीचा होऊन आला असेल तर तिथेच पकडता येईल.

मजकुरात फक्त ‘का’ शोधायचा आहे. ‘काम’, ‘काका’, ‘एका’ सगळंच येतं.

‘का’ दिसायला एक अक्षर असलं तरी संगणकाला ते ‘क’ आणि काना असे दोन घटक आहेत. बऱ्याच प्रणालींची ‘शब्दाची सीमा’ ओळखणारी खूण देवनागरीत दगा देते. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेची शब्दसीमा तर रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा यांपलीकडे काही जाणतच नाही. म्हणून सीमा स्वतः सांगावी: आधी मोकळी जागा, ओळीची सुरुवात किंवा अवतरणचिन्ह, नंतर मोकळी जागा, स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह, अवतरणचिन्ह किंवा ओळीचा शेवट. १९६२ पूर्वीचा मजकूर असेल तर ‘कां’साठी वेगळा शोध लावावा.

नुसतं ‘का?’ विचारणं उद्धट वाटतं का?

वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसाला, हो. ‘का हो?’, ‘का बरं?’ असा जोड दिला की धार जाते. बरोबरीच्यांत ‘का रे?’, ‘का गं?’. मुलाखतीत ‘का?’ऐवजी ‘कशामुळे?’ विचारलं तर समोरचा खुलून बोलतो, कारण ‘का’त जाब असतो आणि ‘कशामुळे’त कुतूहल.

सखोल पाहायचं असेल तर कोणता कोश?

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) बोलीतले वापर टिपण्यात अजून हात धरू देत नाही. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश पुण्यातच १९३२ पासून खंडाखंडाने निघाला, जुनी अवतरणं हवी असतील तर तो. संस्कृत ‘का’साठी डेक्कन कॉलेजच्या महाकोशाची वाट पाहत थांबू नका. ते काम १९४८ साली सुरू झालं, पहिला खंड १९७६ ला आला, आणि अजून ‘अ’च चालू आहे.